तिसरी हरकत

"हरकत?" असं विचारून ते आधी डावीकडे बघायचे. मग पेनाचं टोपण काढून पुन्हा "हरकत?" म्हणायचे, ते उजवीकडे बघून. आणि तिसऱ्यांदा "हरकत?" म्हणताना मान वर करून थेट दाराकडे. दारात कोणी असो वा नसो. दोन श्वास थांबायचे आणि समोरच्या रजिस्टरात लिहायचे, 'हरकत नाही. ठराव मंजूर.'

तुम्हीही सभासमित्यांमधून चिटणीस पाहिले असतील. बहुतेक जण "हरकत नाही ना? नाही ना? चला" असं एका दमात उरकतात. समोरचा तोंड उघडेपर्यंत ठराव झालेला असतो. आमच्या चिटणिसांना मात्र दोन तासांची सभा चार तास चालवायची हौस आहे, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या-चौथ्या सभेला न राहवून विचारलंच, "साहेब, दारात तर कोणीच नसतं. मग बघता कोणाकडे?"

"उशिरा येणाऱ्याकडे," ते म्हणाले. "माणूस उशिरा येतो, बाई. त्याची हरकत वेळेवरच असते."

त्यांचे आजोबा निजामाच्या काळात पेशकार होते, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अधिकारी. हे स्वतः तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तरी सगळे त्यांना पेशकारसाहेबच म्हणायचे. सत्तरीला टेकलेले, पिस्ता रंगाचा सफारी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक काळं. लाल पेन कधी ठेवलं नाही. "लाल पेन म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायची नियत," असं त्यांचं म्हणणं. घरून फोन आला की दखनीत "हौ, आरूं, आरूं", म्हणजे येतोय, येतोय, म्हणायचे आणि फोन ठेवल्याबरोबर 'सदर विषयाचे अनुषंगाने' पुढे सुरू. आणि रजिस्टरात खाडाखोड नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत नाही आणि आमच्याकडेही नाही. कोणी म्हणालं, "साहेब, तेवढा शब्द जरा बदला की," तर एकच उत्तर मिळायचं, "लिहिलं ते लिहिलं."

आता आमची संस्था. तिचं नाव पवनऊर्जा संवाद मंच. नावात संवाद असल्यामुळे भांडणं भरपूर. पाचोडच्या पलीकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की ज्यांचा ज्यांचा वाऱ्याशी संबंध आहे त्या सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावं आणि गुण्यागोविंदानं आपला कारभार आपण करावा. म्हणून कंपनी, जमीनमालक, ग्रामपंचायती, वीजवाले, पक्षीवाले आणि मेंढपाळ असे सहा घटक झाले. प्रत्येकापुढे पाटी. सभा शहरात, स्टेशनच्या मागच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी तिथली कार्यालय सहाय्यक. म्हणजे कॉम्प्युटर, पत्रव्यवहार, चहा सांगणं आणि लिफ्ट बंद असल्याबद्दल सहाही घटकांची बोलणी खाणं.

सातवी पाटी पेशकारसाहेबांनी स्वतः हट्टानं करून घेतली होती. तिच्यावर लिहिलं होतं 'सामान्य नागरिक'. नियम नऊ: जो येईल आणि हजेरीपटावर सही करील तो सदस्य. पण कोणी येईना. शहरातला सामान्य नागरिक तीन जिने चढून वाऱ्याबद्दल बोलायला कशाला येतोय! ती पाटी माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या खाली पडून असायची. दर सभेआधी ते विचारायचे, "आला का कोणी?" मी म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "पाटी पुसून ठेवा." मी पुसत नसे, हे आज कबूल करते.

पहिले तीन महिने तर निर्णय कसे घ्यायचे याचाच निर्णय होईना. कंपनीचं म्हणणं, एका घटकाला एक मत. जमीनमालक म्हणाले, आम्ही एवढे जण आणि मत एकच, हा कुठला न्याय? सरपंच म्हणाले, आमच्यामागं गावं आहेत. वीजवाले म्हणाले, वरून विचारून सांगतो. शेवटी पेशकारसाहेबांनी तोडगा काढला. मतदान नकोच. "मत मोजलं की कोणीतरी हरतं. आपण फक्त हरकत विचारू. नसेल तर मंजूर, असेल तर विषय पुढच्या सभेवर." आणि हरकतीचं कारण सांगायची सक्ती नाही, अशीही ओळ त्यांनी घातली. मी म्हटलं, ही काय गंमत? ते म्हणाले, "कारण विचारलं की मोठा माणूस भाषण करतो आणि गरीब माणूस गप्प बसतो."

नियमावली सगळी त्यांच्याच हातची. त्यातले दोन नियम तेवढे लक्षात ठेवा, पुढं लागतील. एक, चिटणिसाला हरकत घेता येणार नाही. "लिहिणाऱ्यानं बोलू नये." दुसरा, एकदा दिलेल्या होकारावरून ज्याचा त्याला फिरता येणार नाही. होकार दिला त्या सभेला हजर असलेल्या दुसऱ्या कोणा सदस्यानं हरकत घेतली तरच विषय पुन्हा निघेल. कारण विचाराल तर, "माणूस इथं हो म्हणतो, घरी जाऊन भावाचं ऐकतो आणि पुढच्या सभेला नाही म्हणतो. मग कागदाला काय इज्जत राहिली?"

कागदाची इज्जत हा त्यांचा फार नाजूक विषय. शहराचं नाव बदललं तेव्हा आमच्याकडे जुन्या नावाच्या लेटरहेडचा अख्खा गठ्ठा शिल्लक होता. मी म्हटलं, रद्दीत घालते. ते म्हणाले, "कागद वाया घालवायचा नाही." आणि नव्या नावाचा रबरी शिक्का करून आणून, पट्टी लावून, जुन्या नावावर बरोब्बर आडवा, एकेका कागदावर तो मारत बसले. दोन दुपारी गेल्या त्यात. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "साहेब, राहू द्या, मी मारते." त्यांनी शिक्का पॅडवर दाबला आणि म्हणाले, "हरकत नाही."

हे 'हरकत नाही' आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, मोजून बघा. चहा गार आहे? हरकत नाही. सुट्टे नाहीत? हरकत नाही. धक्का लागला? हरकत नाही. मनात शंभर हरकती असतात तेव्हा तर हमखास म्हणतो.

मेंढपाळांच्या पाटीमागे गोदाबाई बसायच्या. साठीच्या आसपास, नवऱ्यामागं कळप सांभाळणाऱ्या, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. पाचोडहून एसटीनं यायच्या, आणि बस कधी वेळेवर सुटायची नाही म्हणून विषय पाच किंवा सहा चालू असताना दारात उगवायच्या. पवनचक्कीला त्या पंखा म्हणायच्या. एकदा भर सभेत वीज गेली, डोक्यावरचा पंखा थांबला, वीजवाले खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा पदरानं वारा घेत म्हणाल्या, "एवढाले मोठाले पंखे लावले माळावर, अन् इथं गरमच मरायचं व्हय?" कंपनीचे साहेबसुद्धा हसले. कंपनीचे साहेब दर सहा महिन्यांनी बदलायचे, म्हणून मी त्यांची नावं पाठ करायचं सोडून दिलं होतं.

तर त्या दिवशीचा विषय सात: माळावरच्या यंत्रांच्या जागेला तारेचं कुंपण घालणे. त्या कुंपणात मेंढरांची पाझर तलावाकडे उतरायची वाट जात होती, पण टिपणात तसं काही नव्हतं. तिथं नुसतं 'सुरक्षा कुंपण' होतं. सुरक्षेला कोण नाही म्हणणार? पेशकारसाहेबांनी डावीकडे बघून विचारलं, "हरकत?" उजवीकडे बघून विचारलं, "हरकत?" त्याच वेळी गोदाबाई दारात आल्या, घामाघूम. जमीनमालकांपैकी एक जण त्या महिन्यात अध्यक्ष होते. टेबलाशी कोणीतरी पाहुणा बसवलेला, खुर्ची नव्हती. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "मावशी, खुर्ची नाही हो, मागं बाकावर बसता का?"

आणि पेशकारसाहेबांनी दाराकडे बघून तिसऱ्यांदा विचारलं, "हरकत?"

"हरकत नाय, हरकत नाय," गोदाबाई म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

त्यांनी ते लिहिलं. नुसतं 'हरकत नाही' नव्हे. स्वतःहून बोलणाऱ्या सदस्याचं म्हणणं नावानिशी टिपायची त्यांची पद्धत होती. 'मेंढपाळ घटकाची हरकत नाही.' मी दाराशीच उभी होते. अध्यक्षांचं वाक्य मी ऐकलं होतं. मला कळलंही होतं. पण चहा येऊन गार होत होता, एक वाजून गेला होता, आणि मी गप्प बसले. असं गप्प बसणं किती सोपं असतं, ते मला विचारा.

पुढच्या सभेत पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा. तो पाच मिनिटांत झाला, कारण गोदाबाईंची बस अजून वाटेतल्या आडूळलाही पोचली नव्हती. त्या आल्या त्या दारातूनच बोलत आल्या. "आवो, आमची वाट बंद केली की! तळ्यावर जायची! रातोरात तार ठोकली!"

कंपनीच्या साहेबांनी शांतपणे इतिवृत्ताची प्रत पुढे केली. "बाई, आपण स्वतः हरकत नाही म्हणालात. आणि इतिवृत्त आत्ताच कायम झालंय."

"मी कवा म्हणलं?"

"मागच्या सभेत. विषय सात."

गोदाबाई दोन मिनिटं आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवो, ते मी खुर्चीला म्हणलं व्हतं!"

सगळं सभागृह खो खो हसलं. वीजवाले हसले, सरपंच हसले, पक्षीवाले प्राध्यापक रुमाल तोंडाला लावून हसले. मीही हसले, आग लागो माझ्या तोंडाला. गोदाबाई सगळ्यांकडे बघून स्वतःही थोडं हसल्या, आपल्याच हातून काही वेडेपणा झाल्यासारखं. फक्त पेशकारसाहेब हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मागे उलटलं, विषय सात काढला, स्वतःचं अक्षर वाचलं आणि म्हणाले, "लिहिलं ते लिहिलं." पण नेहमीसारखं नाही. कोणीतरी त्यांनाच ते सांगितल्यासारखं.

सभा संपल्यावर मी कप गोळा करत होते. ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही दाराशी होता. अध्यक्षांनी खुर्चीचं विचारलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही ऐकलं असेल." हे खोटं होतं आणि ते त्यांना कळलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

आता गोदाबाईंना स्वतःला हरकत घेता येत नव्हती, पेशकारसाहेब चिटणीस, आणि मी तर सदस्यच नव्हे. दोन्ही नियम त्यांनीच लिहिलेले. तेव्हा ते इतर सदस्यांच्या मागे लागले. जमीनमालक म्हणाले, "आमचा करार कंपनीशी, साहेब. उगाच मोहोळाला कशाला काडी लावायची?" सरपंच म्हणाले, "माझी मनातून हरकत आहे. पण मनातूनच." वीजवाले म्हणाले, वरून विचारून सांगतो. पक्षीवाले प्राध्यापक सज्जन माणूस. त्यांनी घरात बसवून सरबत दिलं आणि म्हणाले, "पेशकारसाहेब, पक्षी असता तर मी जिवाचं रान केलं असतं. पण मेंढी हा पक्षी नाही."

एका रविवारी सकाळी सातला माझा फोन वाजला. "बाई, पाचोडला जायचंय. वाट बघायची आहे." मी म्हटलं, कोणाची वाट? ते म्हणाले, "गोदाबाईंची. पायवाट."

चाळीस वर्षं महसुलात काढलेला माणूस, पण माळावर चालायला आला तो पॉलिश केलेले काळे बूट घालून. आम्ही पोचलो तेव्हा गोदाबाई कळप घेऊन निघतच होत्या. मेंढरं सवयीनं जुन्या वाटेला लागली आणि थेट तारेपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे उतार आणि उताराखाली तळ्याचं पाणी दिसत होतं, लख्ख. मेंढरं पाण्याकडे बघत होती. त्यांना कोणी इतिवृत्त वाचून दाखवलं नव्हतं. डोक्यावर तो अजस्र पंखा घूं घूं करत फिरत होता, आणि गोदाबाई "हुर्र, हुर्र, आता तिकडून नाय रं बाबांनो" म्हणत एकेकाला वळवत होत्या.

"आता कसं जाता?" पेशकारसाहेबांनी विचारलं.

"असं वळसा घालून. नाला उतरायचा, पलीकडचा चढ चढायचा, मंग खाली. चला की तुमी बी."

मला वाटलं नाही म्हणतील. ते निघाले. ऊन चढत गेलं. नाल्यातल्या गोट्यांत त्यांच्या बुटाचा तळ सुटला आणि पावलापावलाला फटक फटक वाजायला लागला. गोदाबाईंनी कमरेची सुतळी काढून बूट बांधून दिला. पेशकारसाहेब एका दगडावर बसून पाय पुढे करून होते, अगदी शाळकरी पोरासारखे. गोदाबाईंच्या काखेत एक कोकरू होतं. "ल्हानी चालत नायत एवढं. मागल्या हप्त्यात दोन बसली, ती बसलीच," त्या म्हणाल्या. "उन्हाळा तर अजून लागायचाय. समदा कळप इकायचा म्हणतंय पोरगं."

तळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मेंढरं पाण्यावर तुटून पडली. पेशकारसाहेब उभे राहून बघत होते. सफारी घामानं चिकटलेला. गोदाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या जवळ येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमी वाईट वाटून घेऊ नका. मी म्हणलेच व्हते हरकत नाय. तुमी काय खोटं नाय लिवलं."

परतीच्या बसमध्ये ते बीड बायपास येईपर्यंत सुतळी बांधलेल्या बुटाकडे बघत होते. तिथं म्हणाले, "तिनं मला खोटारडा म्हटलं असतं ना बाई, तर बरं झालं असतं."

पुढच्या सभेची नोटीस त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतः लिहिली. वेळ मात्र अकराऐवजी एकची. वेळ ठरवणं चिटणिसाच्या अखत्यारीत होतं, त्यामुळे कोणाला विचारायची गरज नव्हती. एकला गोदाबाई पहिल्यांदाच वेळेवर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. खुर्ची पेशकारसाहेबांनी आदल्या दिवशीच त्यांच्या पाटीमागे ठेवून तिच्या पाठीला कागद चिकटवला होता, 'राखीव'.

सभा सुरू होताच ते उभे राहिले. "विषय एकच्या आधी एक विषय आहे. चिटणीस राजीनामा देत आहेत." आणि स्वतःच्याच राजीनाम्यावर त्यांनी विचारलं. डावीकडे, "हरकत?" उजवीकडे, "हरकत?" दाराकडे, "हरकत?" कोणी हूं की चूं केलं नाही. कंपनीचे साहेब तर म्हणाले, "आपल्या सेवेबद्दल आभार." सहा वर्षांच्या चाकरीची निरवानिरव पाऊण मिनिटात झाली. हरकत घ्यायला मी सदस्य नव्हते, एवढीच माझी सबब.

त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. "तात्पुरतं काम बाई बघतील." मग माझा ड्रॉवर उघडला, स्टेपलर बाजूला केला, सातवी पाटी काढली आणि स्वतःच्या रुमालानं पुसली. टेबलाला वळसा घालून गोदाबाईंच्या शेजारी गेले, बाकाजवळची एक खुर्ची ओढली, हजेरीपटावर सही केली आणि पाटी समोर ठेवून बसले. सामान्य नागरिक.

कंपनीचे साहेब गोंधळले. "असं सामान्य नागरिक होता येतं?"

"नियम नऊ. आणि कुंपणाच्या सभेला मी हजर होतोच," पेशकारसाहेब म्हणाले.

मी विषयपत्रिका वाचली. टाईप मीच केलं होतं, पण अर्थ आत्ता लागत होता. विषय एक: कुंपणाच्या ठरावातील नोंद पुढे चालू ठेवणे. डावीकडे बघितलं, "हरकत?" उजवीकडे बघितलं, "हरकत?" तिसऱ्यांदा माझी मान आपोआप दाराकडे गेली.

"हरकत," टेबलाशी कोणीतरी म्हणालं.

सहा वर्षांत हजार वेळा तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला असेल. प्रश्नाशिवाय पहिल्यांदाच ऐकला.

"कारण?" कंपनीचे साहेब ताडकन म्हणाले. मी नियम सांगायला तोंड उघडलं, पण पेशकारसाहेबांनीच हात वर केला. "सांगतो. लिहा, बाई. गोदाबाईंनी हरकत नाही असे म्हटले ते खुर्चीस उद्देशून. कुंपणास नव्हे. नोंद चुकीची आहे. चूक लिहिणाऱ्याची."

मी लिहिलं, 'अनवधानाने झालेली'. त्यांना समोरून उलटं अक्षर वाचता यायचं. "अनवधान साहेब लोकांचं असतं, बाई. कारकून चुकतो. चूक लिहा." मी 'अनवधानाने झालेली' खोडलं आणि वर 'चूक' लिहिलं. त्या रजिस्टरातली ती पहिली खाडाखोड. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "असू द्या."

गोदाबाईंनी आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "प्या, भाऊ," त्या म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत त्या त्यांना साहेब म्हणायच्या.

हरकत लागली म्हणजे मंचाची संमती गेली, आणि मंचाची संमती जोडल्याशिवाय कंपनीचं माळावरचं पुढचं काम सरकत नव्हतं. त्यामुळे एका महिन्यात कुंपणात फाटक ठेवायचं ठरलं. अर्थात आमच्या पद्धतीनं. फाटकाच्या रुंदीवर उपसमिती बसली. कंपनीच्या इंजिनिअरनं विचारलं, मेंढराची प्रमाणित रुंदी किती धरायची? गोदाबाई म्हणाल्या, "लोकर काढायच्या आदी का नंतर?" उपसमिती तिथंच बरखास्त झाली.

पेशकारसाहेब पुढच्या दोन सभांना पाटीमागं येऊन बसले. फाटक बसलं त्या दिवशी गोदाबाईंचा मला फोन आला, भाऊला सांगा म्हणून. मी त्यांच्या घरी गेले. ते पलंगावर टेकून होते, जरा थकल्यासारखे. फाटक बसलं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कुलूप आहे का?"

"नाही. कडी आहे."

"कडी कुठल्या बाजूनं निघते?"

मी गोदाबाईंना फोन लावून विचारलं. "दोन्ही बाजूंनी."

"हां," ते म्हणाले. "मग ठीक." आणि आतल्या बाजूला वळून, "बाईंना चाय देव ना."

त्यानंतर पंधरवड्यात एका दुपारी झोपेतच गेले. दफनाला गोदाबाई मुलाला घेऊन आल्या होत्या. बायका आत जात नाहीत म्हणून आम्ही दोघी कबरस्तानच्या भिंतीबाहेर कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. त्या पदर तोंडात धरून ढसाढसा रडल्या. मी त्यांचा हात धरून उभी होते, आणि मलाच कोणीतरी धरायला हवं होतं.

पुढच्या सभेत शोकप्रस्ताव ठेवला. टाईप करताना मला सुचलं नव्हतं, पण ठराव तो ठराव. विचारणं भाग होतं. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर मी म्हटलं, "माजी चिटणीस यांच्या निधनाबद्दल ही सभा शोक व्यक्त करीत आहे. हरकत?" डावीकडे सगळ्यांच्या माना खाली. "हरकत?" उजवीकडेही. तिसऱ्यांदा दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"हाय," गोदाबाई म्हणाल्या.

"काय?"

"हरकत हाय. तो माणूस गेला, त्याला माझी हरकत हाय. लिवा."

कंपनीचे नवे साहेब अध्यक्षांकडे बघायला लागले. "हे... म्हणजे... याला कारण काय?"

मी म्हटलं, "कारण सांगायची सक्ती नाही. नियम आहे." आणि निळ्या पेनानं लिहिलं, 'मेंढपाळ घटकाची हरकत आहे. विषय पुढील सभेवर.'

त्यानंतर तीन सभा झाल्या. दर वेळी विषय एक तोच असतो. दर वेळी मी डावीकडे बघते, उजवीकडे बघते, दाराकडे बघते, आणि गोदाबाई आपल्या खुर्चीवरून म्हणतात, "हाय." सातवी पाटी मी दर सभेआधी पुसून टेबलावर ठेवते. म्हणजे आमच्या रजिस्टराप्रमाणे पेशकारसाहेब अजून गेलेले नाहीत. आणि लिहिलं ते लिहिलं.